आधी वाकून बघा

फ्लॅटच्या नकाशात बेसिन म्हणजे एक छोटासा अर्धगोल असतो. भिंतीला चिकटलेला, मध्ये एक टिंब. घर बघायला आलेला माणूस पलंग कुठे बसेल ते विचारतो, फ्रिजची जागा विचारतो, देवघर ईशान्येला येतंय ना हे तर दोनदा विचारतो. त्या अर्धगोलाबद्दल कोणी काही विचारत नाही. शेजारीच दार उघडण्याचा कंस काढलेला असतो. हा कंस त्या अर्धगोलाला घासतो की नाही, हे कळायला पट्टीसुद्धा लागत नाही, नजर पुरते. पण बघतं कोण? ताबा मिळाल्यावर दार बेसिनच्या कडेवर आपटतं, टवका उडतो, आणि मग दारामागे रबरी गट्टू बसवण्याचा उद्योग सुरू होतो.

बेसिन निवडायचं म्हणजे सॅनिटरीच्या दुकानात जाऊन डोळ्यांत भरेल ते उचलायचं, असा एक समज आहे. दुकानंही त्याच हिशेबाने मांडलेली असतात. भिंतभर दिवे, त्यांच्याखाली काळे, करडे, सोनेरी नक्षीचे वाडगे रांगेने ठेवलेले, आणि एकालाही पाणी जोडलेलं नाही. चपला घेताना आपण पायात घालून दुकानातल्या दुकानात चार पावलं चालून बघतो. बेसिनसमोर कोणी वाकूनही बघत नाही. पाण्याचं भांडं आपण पाण्याचा थेंब न बघता विकत घेतो, हे मला नेहमीच अजब वाटत आलं आहे. माझ्या मते बेसिन जागेला शोभणं ही फार पुढची गोष्ट. आधी ते आपल्या हातातोंडाला सोसायला हवं. आणि आपल्या हातातोंडाच्या सवयी लक्षात घेऊन ते मुळात घडवलेलंच नाही.

बेसिन जन्माला आलं युरोपात. तिकडे नळ घरात येण्याआधी निजायच्या खोलीत एका टेबलावर चिनीमातीचा मोठा वाडगा आणि पाण्याचा जग ठेवलेला असे. वाडग्यात पाणी ओतायचं, त्यात हात बुडवायचे, तेच तोंडावर घ्यायचं आणि शेवटी ते पाणी फेकून द्यायचं. पुढे नळ आले, सांडपाण्याचे पाइप आले आणि वाडगा भिंतीला लागला, पण सवय तीच राहिली. म्हणून बेसिनच्या भोकाला साखळीचं बूच आलं. बूच लावून नळ चालू राहिलाच तर पाणी जमिनीवर सांडू नये म्हणून कडेखाली ते दुसरं छोटं भोक आलं. इंग्लंडातल्या जुन्या घरांत अजूनही गरम पाण्याचा नळ एका टोकाला आणि थंडाचा दुसऱ्या टोकाला असतो, आणि दोन्हींचा मेळ वाडग्यात व्हायचा असतो. आपली माणसं तिथे गेली की एका हाताला चटका आणि दुसऱ्याला गारठा घेतात आणि इंग्रजांना नावं ठेवतात.

आपल्याला साठल्या पाण्यात तोंड धुवायचं म्हटलं की अंगावर काटा येतो. मोरीत असो, न्हाणीघरात असो की परसातल्या दगडी डोणीपाशी, आपण पाणी वरून घेत आलो आणि खाली सोडत आलो. पाणी वाहतं हवं. घरोघरी बेसिनचं ते साखळीचं बूच कधीतरी हरवतं आणि त्याचा शोध घेण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. कडेखालच्या भोकातून पाणी कधी जातच नाही, तिथे झुरळं सुखाने नांदतात.

खरं सांगायचं तर हे भांडं गोऱ्या लोकांनाही नीट जमलेलं नव्हतं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात अलेक्झांडर किरा नावाचे वास्तुकलेचे प्राध्यापक होते. न्हाणीघरात माणसं नेमकं काय करतात, कशी उभी राहतात, किती वाकतात याचा रीतसर अभ्यास करून त्यांनी १९६६ साली 'द बाथरूम' हे पुस्तक काढलं. असल्या विषयाला विद्यापीठात वर्षं घालवणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. बेसिनबद्दल त्यांचा आक्षेप साधा होता. लोक हात धुतात वाहत्या धारेखाली आणि कारखाने बनवतात ते पाणी साठवायचं भांडं. वर ते इतकं खाली बसवतात की कंबर वाकवावी लागते. आपल्याकडे कोणी असा अभ्यास केला असता, तर त्यात एक प्रकरण चुळीवर नक्की निघालं असतं.

कारण बेसिनपाशी आपण काय काय करतो ते आठवा. सकाळी दात घासून, जीभ खरवडून, शेजाऱ्यांना जाग येईल इतकं खाकरून आपण चुळा भरतो. जेवून उठलो की तेलातिखटाचा हात धुतो आणि पुन्हा खळखळून चूळ. ती चूळ अलगद सोडायची नसते, तिला थोडा जोर लागतो. त्यामुळे उथळ, सपाट तळाच्या बेसिनात ती जाते कुठे, तर तळावर आपटून थेट शर्टावर येते. दाढीचा ब्रश, पूजेची फुलं, कुंकवाची बोटं, लहान मुलाचं नाक, सगळं तिथेच. वरून कोणीतरी एक पाय उचलून बेसिनात ठेवतो आणि पाय धुतो. बाहेरून आल्यावर पाय धुवायची सवय आहे, मोरी राहिली नाही, मग करणार काय? नमाजाआधी वजू करणाऱ्या घरांतही हीच अडचण. मशिदीतल्या वजूखान्यात बसून पाय धुवायची सोय असते, फ्लॅटमध्ये नसते. बेसिनावर पायाचा भार पडला की भिंतीतले बोल्ट हळूहळू ढिले होतात. घरात अशी सवय असेल तर बाथरूममध्ये गुडघ्याइतक्या उंचीवर एक साधा नळ जास्तीचा काढून घ्यावा. बेसिन कितीही महाग घेतलं तरी तो प्रश्न त्याने सुटत नाही.

आपल्याला शोभेल असं हात धुवायचं ठिकाण कुठे बघायला मिळतं म्हणाल, तर मंगल कार्यालयात. जेवणाच्या हॉलच्या मागे भिंतीलगत लांबच लांब, लादी बसवलेली पन्हाळ, तिच्यावर रांगेने नळ, एका टोकाला उतार आणि तिथे मोठी जाळी. बुंदीचे कण, मठ्ठ्यातली कोथिंबीर, कढीपत्त्याची पानं त्या जाळीवर अडकतात. एक बाई येऊन खराट्याने ती ओढून घेते आणि पाणी पुन्हा वाहू लागतं. नक्षी नाही की चकाकी नाही, पण पंगत उठल्यावर सगळं वऱ्हाड तिथे एका दमात हात धुतं आणि कोणाच्या शालूवर थेंब उडत नाही. पन्हाळ खोल असते आणि धार फार वरून पडत नाही, त्यात सगळं आलं.

घरात ही पन्हाळ कोणी बांधणार नाही हे मलाही कळतं. पण जेवणाच्या खोलीत, नाहीतर स्वयंपाकघरातून बाहेर पडल्यावरच्या बोळकंडीत बेसिन बसवण्याची आपली पद्धत तिच्याच जवळची आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या सोसायट्यांत ते हमखास असायचं. पिस्ता, फिकट गुलाबी नाहीतर आकाशी रंगाचं, खाली ऑइलपेंट मारलेली दोन लोखंडी ब्रॅकेटं, वर आरसा, आणि आरशाच्या कडेला त्या घरातल्या बाईच्या टिकल्या ओळीने चिकटवलेल्या. लाल मोठी, लाल मध्यम आणि एखादी काळी. त्या बेसिनला कोणी सुंदर म्हटलं नसतं, पण ते बरोबर जागी होतं. पाहुण्याला हात धुवायला घरच्यांच्या बाथरूममध्ये, वाळत घातलेल्या कपड्यांखालून जावं लागत नव्हतं. नवीन इमारतींच्या नकाशांतून हे बेसिन जाऊ लागलं आहे, आणि मला ते बिलकूल पसंत नाही. घर घेताना किंवा दुरुस्त करताना बाहेर एक छोटं बेसिन बसवता येत असेल तर जरूर बसवा. कोपऱ्यात बसणारं तिकोनी चालेल, चौदा इंचांचं असलं तरी चालेल.

आता बाथरूममधल्या जागेकडे. राष्ट्रीय इमारत संहितेत न्हाणीघर आणि शौचालय एकत्र असेल तर किमान २.८ चौरस मीटर जागा आणि किमान १.२ मीटर रुंदी सांगितली आहे. १.२ मीटर म्हणजे जेमतेम सत्तेचाळीस इंच, आणि किमान हेच बिल्डरचं कमाल असतं. त्यात भिंतीपासून सोळा इंच पुढे येणारं साधं बेसिन लावलं तर समोर एकतीस इंच उरतात. माणूस उभा राहतो, वाकतो, मागून दुसरा बादली घेऊन कडेकडेने जाऊही शकतो. त्याच ठिकाणी बावीस इंच खोलीचा ग्रॅनाइटचा कट्टा आणि त्यावर वाडगा आला की उरतात पंचवीस इंच. वाकलेल्या माणसाचा पार्श्वभाग मागच्या भिंतीला लागतो. तेव्हा दुकानात जाण्याआधी जुन्या वर्तमानपत्रातून बेसिनच्या मापाचा कागद कापा, तो पुठ्ठ्यावर लावून भिंतीला नेमक्या उंचीवर आडवा चिकटवा आणि त्याच्यासमोर खोटं खोटं तोंड धुऊन बघा. घरचे हसतील. हसू द्या.

अरुंद जागेत भिंतीवर टांगलेल्या साध्या बेसिनइतकं शहाणं दुसरं काही नाही. अठरा बाय बारा, वीस बाय सोळा अशा इंचांतल्या मापांत ते मिळतं, खाली जमीन मोकळी राहते, बादली सरकवता येते, फरशी धुता येते. घरात कोणी चाकाच्या खुर्चीवर असेल तर त्याचे गुडघे आत जायला हीच मोकळी जागा लागते. खालचे पाइप दिसतात, ही त्याच्याविरुद्धची तक्रार. ते झाकायला पेडेस्टल, म्हणजे चिनीमातीचा खांब, मिळतो. हा खांब बेसिनचा भार उचलतो असं पुष्कळांना वाटतं, पण बेसिन पेडेस्टलवर ठेवलं तरी भिंतीला बोल्टने आवळावंच लागतं. खांबाचं खरं काम पडद्याचं. त्या पडद्यामागे हात पोहोचत नाही, खराटा पोहोचत नाही आणि बॉटल ट्रॅप उघडायची वेळ आली की मिस्त्री आधी खांबाला शिव्या घालतो. अर्धं पेडेस्टल त्यापेक्षा बरं, जमीन तरी सोडतं.

बॉटल ट्रॅपबद्दल दोन शब्द. बेसिनखालच्या त्या डब्यात किंवा वाकड्या पाइपात थोडं पाणी कायम अडून राहतं आणि तेच गटाराचा वास वर येऊ देत नाही. अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली शौचकूपाच्या पेटंटात हा वाकडा पाइप वापरला, तेव्हापासून ही युक्ती चालत आली आहे. पाहुण्यांच्या बाथरूममधलं बेसिन महिनोन्महिने वापरलं नाही की ते पाणी सुकतं आणि घरभर कुबट वास सुटतो. लोक फिनाइल ओततात. तांब्याभर साधं पाणी ओतलं तरी भागतं. आणि वेस्ट कपलिंग, म्हणजे बेसिनच्या भोकात बसवायचा जोड, घेताना बेसिनला कडेखालचं भोक असेल तर हाफ थ्रेड, नसेल तर फुल थ्रेड हे दुकानदाराला सांगावं लागतं. चुकीचं बसलं तर एकात ते भोक मुकं राहतं, दुसऱ्यात गळती. दाबून उघडमीट करणारी चकचकीत कपलिंगं जेवणाच्या खोलीतल्या बेसिनला लावू नका. भाताची शितं त्यांच्या मानेत अडकतात. तिथे साधी जाळी.

भिंतीचा विचार तर कोणीच करत नाही. जुन्या विटांच्या भिंतीत बोल्ट घट्ट बसायचा. हल्ली आतल्या भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यात नेहमीचा छोटा बोल्ट भुसभुशीत होऊन सुटतो, म्हणून लांब किंवा केमिकल घालून बसवायचा अँकर लागतो. ज्या इमारतींच्या भिंतीच ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून केलेल्या असतात, तिथे बोल्ट पक्का बसतो, पण पाइपची जागा हलवायला भिंत फोडता येत नाही. म्हणजे बेसिनची जागा नकाशातल्या त्या अर्धगोलाने आधीच ठरवून टाकलेली असते. म्हातारी माणसं उठताबसताना बेसिनची कड धरतात, हेही लक्षात असू द्या. त्यांच्यासाठी शेजारी स्टीलचा दांडा लावावा. बेसिन आधारासाठी केलेलं नसतं.

कशाचं घ्यावं? चिनीमातीचं, पांढरं. साधारण बाराशे अंश सेल्सिअसला भाजलेली ही माती इतकी घट्ट होते की पाणी जवळजवळ शोषतच नाही. भारतीय मानकांत आयएस २५५६ हे तिच्यासाठीच आहे. ही भांडी गुजरातेत थानगडला मोठ्या प्रमाणावर होतात, आणि त्या भागातल्या चिनीमातीच्या धंद्याची सुरुवात करणाऱ्यांत परशुराम गणपुले हे मराठी नाव होतं. त्यांच्या परशुराम पॉटरीचं नाव आपल्याकडे फारसं कोणाला आठवत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं. संगमरवराचं बेसिन दिसायला देखणं, पण त्यावर लिंबू पडलं, दही पडलं, की चट्टा उठतो, कारण आम्लापुढे तो दगड टिकत नाही. काचेच्या आणि काळ्या बेसिनांवर बोअरवेलच्या नाहीतर टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग चोवीस तासांत दिसू लागतात. मग कोणीतरी ॲसिड आणतं आणि डागाबरोबर नळाचा मुलामाही जातो. सोसायटीचं पाणी जड असेल तर काळ्या बेसिनकडे वळूनही बघू नका. पांढऱ्यावरही क्षार बसतातच, फक्त ते पांढऱ्यावर पांढरे असतात.

कट्ट्यात बसवायचं असेल तर कट्ट्याखालून लावलेलं बेसिन वापरायला सोपं. सांडलेलं पाणी फडक्याने सरळ आत ओढता येतं. फक्त ग्रॅनाइट आणि बेसिन यांच्या सांध्यातलं सिलिकॉन काही दिवसांनी काळं पडतं, ते खरवडून पुन्हा भरायची तयारी ठेवावी. कट्टा अरुंद असेल तर अर्धं आत, अर्धं बाहेर येणारं सेमी-रिसेस्ड मिळतं. फार कमी दुकानदार ते आपणहून दाखवतात.

आणि आता टेबल टॉप, म्हणजे कट्ट्यावर ठेवायचा वाडगा. माझ्या मावशीच्या घराचं नुकतंच काम झालं, तेव्हा मुलाने हौसेने एक पांढराशुभ्र वाडगा आणला. मिस्त्रीने स्वयंपाकाच्या ओट्याच्या सवयीने कट्टा बत्तीस इंचांवर बांधला, त्यावर सहा इंचांचा वाडगा बसला आणि कड गेली अडतीस इंचांवर. मावशी जेमतेम पाच फूट. तिचं कोपर साधारण सदतीस इंचांवर येतं. ती हात धुवायला गेली, धारेखाली तळवे धरले आणि पाणी मनगटावरून, बांगड्यांच्या खालून, कोपराकडे उलटं ओघळलं. ब्लाउजची बाही भिजली. ती मला म्हणाली, "काय रे हे, हात धुवायला हात वर करायचे?"

मी म्हटलं, "मावशी, हल्ली अशीच फॅशन आहे."

"असेल. पण मग तोंड धुवायला मी स्टुलावर चढू का?"

मिस्त्रीला बोलावलं, तर तो म्हणाला, "साहेब, मला बेसिन नंतर दाखवलं. आधी दाखवलं असतं तर कट्टा खाली नसता का घेतला?" त्याचं बरोबर होतं. कट्टा बांधून, लादी लागून, पॉलिश होऊन गेल्यावर वाडगा घरात आला होता. शिवाय वाडगा आणि मागची भिंत यांच्यामध्ये दोन बोटं फट राहिली होती. तिथे साबणाचं पाणी साठतं आणि मोलकरणीचं फडकं जात नाही. नळ उंच मानेचा, धार सरळ भोकाशेजारच्या सपाट जागेवर पडते आणि आरशावर शिंतोडे. गंमत अशी की टेबलावर ठेवलेला वाडगा ही बेसिनची सगळ्यात जुनी तऱ्हा. पाणी त्यात साठवून वापरायचं होतं तोवर ती ठीक होती. आपण तिच्यावर वरून धार सोडतो.

तरीही कोणाला तो वाडगाच आवडला असेल तर घ्यावा, मी आड येणार नाही. घर तुमचं आहे. फक्त खोल घ्या, तळाला उतार असलेला घ्या, आणि नळ असा निवडा की धार उतारावर पडेल. बेसिनची कड घरातल्या सगळ्यात ठेंगण्या मोठ्या माणसाच्या कोपराच्या चार-सहा इंच खाली यायला हवी. बहुतेक घरांत ती बत्तीस इंचांच्या आसपास येते. म्हणजे सहा इंचांच्या वाडग्यासाठी कट्टा सव्वीस इंचांवर थांबला पाहिजे. हा आकडा भिंतीवर पेन्सिलीने लिहा, मिस्त्रीला दाखवा, आणि वाडगा घरात आल्याशिवाय त्याला कट्ट्याची एकही वीट लावू देऊ नका.